अकरावीचे इंग्रजी आणि कलेचा इतिहास: दोन वर्षांत मुलीला नेमके काय करावे लागेल

कोरेगाव तालुक्यातील एका पालकांनी येथे विचारले आहे की, त्यांची मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली असून तिला साताऱ्यात अकरावी कला शाखेत प्रवेश घ्यायचा आहे. अनिवार्य इंग्रजीबरोबर ‘कलेचा इतिहास व रसग्रहण’ हा विषय घ्यावा, असे तिच्या मनात आहे. दहावीला इंग्रजीत तिला जेमतेम साठ गुण मिळाले. चित्रकलेच्या शासकीय परीक्षांपैकी एलिमेंटरी तिने दिली, त्यापुढची इंटरमीजिएट राहून गेली. नातेवाईक म्हणतात की कलेचा इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर, ज्याला हातात चित्रकला नाही त्याने तो घेऊच नये, आणि कॉलेजचे इंग्रजी मराठी माध्यमाच्या मुलीला झेपत नाही. या दोन विषयांकडून काय अपेक्षा ठेवावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षे इंग्रजी शिकवले आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे आमच्या चित्रकलेच्या सरांच्या जोडीने कलेच्या इतिहासाचे तासही घेतले. त्यामुळे हे दोन विषय एकाच मुलीच्या दप्तरात कसे नांदतात, हे मी जवळून पाहिले आहे.

आपल्या प्रश्नात गुणांची काळजी आहे आणि ती रास्त आहे. परंतु मला त्यामागची अडचण अधिक महत्त्वाची वाटते. दहावीपर्यंत आपल्या मुलांना अशी सवय लागलेली असते की उत्तर कुठेतरी छापलेले असते आणि ते शोधून, पाठ करून, स्वच्छ अक्षरात उतरवायचे असते. या दोन विषयांत समोर कवितेच्या वीस ओळी असतात किंवा एक मूर्ती असते, आणि उत्तर तिच्याकडे पाहून स्वतःच्या वाक्यात तयार करावे लागते. मुलगी हा बदल पहिल्या सत्रात स्वीकारते की नाही, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. साठ गुणांनी सुरुवात करून चांगल्या इंग्रजीपर्यंत पोहोचलेल्या अनेक मुली मी पाहिल्या आहेत. नव्वद गुण घेऊन आलेली आणि बारावीपर्यंत स्वतःचे एक वाक्य न लिहिलेली मुलेही पाहिली आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. कलेचा इतिहास हा विषय प्रत्येक महाविद्यालयात नसतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले असले, तरी कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्षात शिकवले जातात, हे त्या त्या महाविद्यालयाच्या मान्यतेवर आणि शिक्षकांच्या उपलब्धतेवर ठरते. म्हणून अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी स्वतः जाऊन विचारावे: विषय चालू आहे का, त्यासाठी पूर्णवेळ शिक्षक आहेत का, तो मराठीतून शिकवला जातो की इंग्रजीतून, आणि वर्गात चित्रे पडद्यावर दाखवण्याची सोय आहे का. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण चित्र न दाखवता कलेचा इतिहास शिकवणे म्हणजे गाणे न ऐकवता राग समजावणे होय. तशा वर्गात नातेवाईकांचे ‘सनावळ्यांचे पाठांतर’ हे म्हणणे दुर्दैवाने खरे ठरते. सीबीएसईच्या शाळेचा विचार असेल, तर तेथे कलेचा इतिहास चित्रकलेच्या विषयातच येतो आणि त्यात लेखी भाग ३० गुणांचा व प्रात्यक्षिक ७० गुणांचे असते; म्हणजे तेथे हाताचे काम टाळता येत नाही. पुढचे सर्व मी राज्य मंडळाच्या कला शाखेला धरून लिहिते आहे.

आता इंग्रजी. बारावीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तोंडी परीक्षा २० गुणांची असते. लेखीतील ३४ गुण गद्य उताऱ्यांचे आकलन, व्याकरण, सारांश व मुद्द्यांच्या मांडणीवर, १४ कवितेवर, १६ लेखनकौशल्यावर आणि १६ कादंबरीच्या भागावर आहेत. अकरावीला कादंबरीच्या जागी नाटक असते. ही विभागणी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. उतारा प्रश्नपत्रिकेत छापलेला असतो, कविताही छापलेली असते. म्हणजे स्मरणशक्तीची परीक्षा थोडी आणि वाचनाची परीक्षा मोठी आहे. तरीही आपल्याकडे वर्षभर गाईडमधली उत्तरे पाठ केली जातात आणि परीक्षेत उताऱ्याखालचा ‘तुमचे मत लिहा’ हा प्रश्न आला की मुले थबकतात. या सवयीला मीही हातभार लावला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी रसग्रहणाची तयार उत्तरे फळ्यावर लिहून देत असे. एका वर्षी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना चाळीस मुलांनी एकाच कवितेबद्दल एकच वाक्य, त्यातल्या माझ्याच एका चुकीसह, लिहिलेले पाहिले आणि त्या दिवसापासून फळ्यावर उत्तर लिहिणे मी बंद केले.

त्याऐवजी काय करू लागले, हे एका उदाहरणाने सांगणे सोपे जाईल. सध्याच्या बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता आहे. उपनगरी गाडीने रात्री उशिरा घरी परतणारे थकलेले वडील, एवढाच तिचा विषय. बहुतेक मुले रसग्रहणात ‘ही कविता वृद्धांच्या एकाकीपणावर आहे’ असे लिहून थांबतात. ते चुकीचे नाही, पण ते वाक्य कविता न वाचताही लिहिता येते. मी वर्गाला सांगत असे की एकाकीपणा हा शब्द बाजूला ठेवा आणि कवितेत डोळ्यांना काय काय दिसते, तेवढेच वहीत उतरवा. मग यादी तयार होई: गाडीतला पिवळा उजेड, गप्प उभे असलेले प्रवासी, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, फाटायला आलेली पुस्तकांची पिशवी, करडा फलाट, चिखलाने चिकट झालेल्या चपला, पुढे घरात पांचट चहा आणि शिळी चपाती. एका वर्षी इंटरमीजिएट झालेली एक मुलगी ही यादी पाहून म्हणाली, “मॅडम, यात पिवळा, काळा आणि करडा एवढेच रंग आहेत. हे चित्र असते तर मी त्याला मळक्या रंगांचे चित्र म्हटले असते.” मंडळाच्या रसग्रहणाच्या प्रश्नात कवीच्या भाषेची वैशिष्ट्ये लिहायला सांगतात, त्याचे उत्तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी शोधले होते. चित्रे स्वतः चित्रकारही होते, हे मी तिला त्यानंतर सांगितले.

याच कवितेत वडील गाडीतून उतरतात, तेव्हा कवीला लांब वाक्यातून गळून पडलेला शब्द आठवतो. ही उपमा समजावताना मी मुलांना विचारत असे की वाक्यातून एक शब्द गळला तर वाक्याचे काय होते आणि त्या शब्दाचे काय होते. वाक्य कसेबसे पुढे जाते, गाडीही पुढे जाते. एकटा पडलेला शब्द मात्र कोणत्या अर्थाचा, हे कळेनासे होते. इतका वेळ एका ओळीवर घालवला की अभ्यासक्रम मागे पडतो, अशी तक्रार माझ्याकडे येत असे. परंतु ज्या मुलांनी तीन कविता अशा वाचल्या, त्यांना उरलेल्या पाच कविता घरी एकट्याने वाचता येत, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

मराठी माध्यमाच्या मुलीला खरी अडचण येते ती वाक्यरचनेची. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे इंग्रजी वाक्य लिहितानाही मन शेवटपर्यंत क्रियापदाची वाट पाहत राहते. ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांना मराठीत जोडीदारच नाही, म्हणून ते गळतात किंवा नको तेथे येतात. आणि आपले ‘वर’, ‘मध्ये’, ‘पासून’ नामाच्या मागे येतात, तर इंग्रजीतले तसे शब्द नामाच्या आधी. या तीन ठिकाणीच चुका होत असतात, असे एकदा मुलीला समजले की इंग्रजी सगळेच कठीण आहे ही भीती बरीच ओसरते. यावर माझा उपाय साधा आहे. तिने रोज सहा ते आठ वाक्ये इंग्रजीत लिहावीत, विषय आजूबाजूचा असावा, आणि लिहून झाल्यावर पहिल्या वाचनात फक्त क्रियापदाची जागा, दुसऱ्यात फक्त ‘ए’ आणि ‘द’, तिसऱ्यात फक्त नामाआधीचे छोटे शब्द तपासावेत. तिन्ही चुका एकाच वेळी शोधायला गेले की एकही सापडत नाही. तोंडी परीक्षेच्या २० गुणांसाठी हीच वाक्ये मोठ्याने वाचावीत. ऐकणारे घरात कोणी इंग्रजी जाणणारे नसले तरी चालेल. लेखनकौशल्यात अहवाल, ई-मेल, मुलाखतीचे प्रश्न, आवाहन, परीक्षण असे प्रकार येतात. त्यांचे साचे आठवडाभरात कळतात, म्हणून त्यावर मी अधिक लिहीत नाही.

आता कलेचा इतिहास. चित्र काढता आले पाहिजे का, या शंकेचे उत्तर आधी देते. या विषयाला स्वतः चित्र काढण्याची अट नाही. तपासली जाते ती पाहण्याची आणि लिहिण्याची शक्ती. मात्र उत्तरात मंदिराचा आराखडा किंवा स्तूपाची रचना साध्या रेषांनी दाखवता आली तर दहा ओळींचे काम दोन मिनिटांत होते, आणि एलिमेंटरी झालेल्या मुलीला ते जमेल. पुढे बीएफए या कलेच्या पदवीकडे जायचे असेल तर गोष्ट वेगळी आहे. त्या प्रवेशाच्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांची प्रात्यक्षिके असतात आणि त्यांच्याबरोबर सामान्यज्ञानाची लेखी परीक्षाही असते. तेव्हा हाताचा सराव आतापासून चालू ठेवावा लागेल.

सनावळ्यांबद्दल नातेवाईक सांगतात त्यात थोडे तथ्य आहे. काळ लक्षात ठेवावा लागतो. पण सुट्या तारखा लक्षात राहत नाहीत. एका गोष्टीने दुसरी घडवली असे दिसले की राहतात. राजा रविवर्मा यांचा काळ १८४८ ते १९०६. त्यांनी युरोपीय तैलरंगाच्या पद्धतीने आपल्या पुराणकथा रंगवल्या, १८९४ मध्ये छापखाना काढला, आणि देवादिकांची चित्रे घरोघरी भिंतीवर आली; आपल्या आजोळच्या देवघरातील लक्ष्मी आणि सरस्वती कोणत्या वळणाच्या आहेत, हे मुलीने एकदा निरखून पाहावे. ही पद्धत परकी आहे, असे वाटणारे चित्रकार बंगालमध्ये पुढे आले. अवनींद्रनाथ टागोरांची ‘भारतमाता’ १९०५ ची, वंगभंगाच्या वर्षातली, आणि तिचे धूसर जलरंग म्हणजे रविवर्मांच्या झळाळत्या तैलरंगांना दिलेले उत्तर आहे. त्यानंतर पॅरिसमध्ये शिकून आलेली अमृता शेरगिल या दोन्ही वाटा सोडून खेड्यातील माणसांचे मोठे, स्थिर आकार रंगवते, आणि १९४७ मध्ये मुंबईतील प्रोग्रेसिव्ह गटाचे चित्रकार बंगालच्या हळवेपणाकडे पाठ फिरवतात. या साखळीतील वर्षे पाठ करावी लागत नाहीत, कारण प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षाशी भांडते आहे.

दुसरी तयारी शब्दांची. या विषयाचे शब्द नेमके असतात आणि ते सैल वापरले की गुण जातात. अजिंठ्याचेच पाहा. तेथील भित्तिचित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते आणि पहिली दोन वर्षे मीही तसेच शिकवले. खऱ्या फ्रेस्कोत गिलावा ओला असतानाच रंग लावतात आणि तो चुन्याबरोबर पक्का होतो. अजिंठ्यात माती व भुशाच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. आमच्या चित्रकलेच्या सरांनी ही चूक दाखवल्यावर मी वर्गात उभे राहून ती दुरुस्त केली. हा फरक कळला की चित्रांचे पोपडे का निघतात, हेही कळते. तसेच वेरूळच्या कैलासाबद्दल ‘मंदिर बांधले’ असे लिहिणे अपुरे आहे. ते आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले आहे, म्हणजे तेथे दगड रचण्याऐवजी दगड काढत जाण्याचा विचार आहे. एवढ्या एका क्रियापदाने उत्तराची प्रत बदलते.

पुस्तकातील बोटभर छायाचित्रांवरून हा विषय शिकता येत नाही, आणि येथे आपण साताऱ्याचे लोक भाग्यवान आहोत. औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेल्या या संग्रहात रविवर्मांची मूळ तैलचित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालकाचे शिल्पही आहे. मुंबई-दिल्लीला न जाता, एसटीने जाऊन दिवसात परत येऊन, विसाव्या शतकातील युरोपीय शिल्प प्रत्यक्ष पाहण्याची सोय आपल्या जिल्ह्यातील एका गावात आहे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. कोरेगावहून तर औंध आणखी जवळ.

तेथे मी मुलांना एक नियम घालत असे: पहिली दहा मिनिटे खालची पाटी वाचायची नाही. मुले मूरच्या शिल्पासमोर उभी राहत आणि बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया निराशेची असे, कारण जवळच रविवर्मांच्या चित्रातील साडीचा पोत, दागिन्यांची चमक आणि डोळ्यांतले पाणी त्यांनी पाहिलेले असे आणि येथे चेहराही धड दिसत नसे. मी म्हणत असे की आवडले नाही तर तसे लिहा, पण काय दिसते ते आधी लिहा. मग हळूहळू वाक्ये येत: आई आणि मूल वेगळे करता येत नाहीत, दोघांचा मिळून एकच आकार झाला आहे. दहा मिनिटांपूर्वी ‘अर्धवट काम’ म्हणणारी मुले मग आपसांत विचारू लागत की आईपण दाखवायला चेहरा लागतोच का. त्यानंतर पाटी, शिल्पकाराचे नाव, काळ आणि वर्गातली चर्चा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी माहिती आणि मग शिल्प, तर मुले शिल्पात फक्त माहिती शोधतात.

मूरच्या शिल्पासमोर दहा मिनिटे आणि चित्र्यांच्या कवितेतील रंगांची यादी, हे एकाच प्रकारचे काम आहे. म्हणून हे दोन विषय एकत्र घेतल्याने बोजा दुप्पट होतो, असे मला वाटत नाही. ‘दिसते काय, ते कशाने साधले आहे, आणि त्यावरून मी काय म्हणते’ हीच तीन पावले दोन्हीकडे आहेत, आणि इंग्रजीच्या रसग्रहणात अडलेल्या मुलीला मी अनेकदा आधी मूर्तीचे वर्णन मराठीत लिहायला लावले आहे. पुरावा देऊन बोलण्याची सवय एकदा मराठीत लागली की इंग्रजीत तिला फक्त शब्द शोधावे लागतात.

वेळेचे विचाराल तर इंग्रजीला रोजचा पाऊण तास आणि कलेच्या इतिहासाला आठवड्यातून तीन वेळा एक तास, इतका अभ्यास पहिल्या सत्रात पुरेसा आहे. घरून साताऱ्याला रोज ये-जा करावी लागणार असेल तर एसटीतला वेळ कविता पुन्हा वाचायला वापरता येतो. खाजगी शिकवणीची घाई करू नये. दिवाळीपर्यंतही तिला स्वतःहून परिच्छेद लिहिता येत नसेल, तर इंग्रजीसाठी शिकवणीचा विचार करावा, आणि तीही अशी शोधावी जेथे वही तपासली जाते. केवळ नोट्स वाटणाऱ्या वर्गाला पैसे देऊ नयेत. गाईड घरात असायला हरकत नाही, फक्त ते स्वतःचे उत्तर लिहून झाल्यानंतर उघडावे.

कॉलेज सुरू होण्यापूर्वी मुलीला विषय पेलवेल का, हे पाहायचे असेल, तर तिला लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीवर घेऊन जा. ती शाहू महाराजांच्या काळातील, अठराव्या शतकातली आहे. सोबत वही-पेन्सिल असू द्या आणि पहिला अर्धा तास तिला तेथील इतिहास सांगू नका. पायऱ्या उतरताना उजेड कसा बदलतो, विहिरीचा अष्टकोनी आकार कोठून नीट कळतो, बारा मोटा चालवण्यासाठी वर जागा कशी केली आहे, आणि पाणी काढण्याच्या जागी कोरीव खांबांचा महाल कशासाठी बांधला असेल, यावर तिने आधी मराठीत एक पान लिहावे आणि घरी आल्यावर त्यातील सहा वाक्ये इंग्रजीत करावीत. इंग्रजीत चुका असतील, त्या असू द्या. मराठी पानावर तिने स्वतः पाहिलेल्या चार-पाच गोष्टी नेमक्या उतरल्या असतील, तर प्रवेश-अर्जात हे दोन्ही विषय निःशंकपणे भरा.